एच. पायलोरीवरचे अँटिबायोटिक कोर्स : कोणता, कुणाला आणि तो फसतो कुठे

एंडोस्कोपीच्या रिपोर्टवर ‘आरयूटी (रॅपिड युरिएज टेस्ट) पॉझिटिव्ह’ लिहून आलं, की जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आहे एवढं कळतं. त्यावर कोणता कोर्स द्यायचा हा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. या एकाच जंतूवर आज निदान सहा प्रकारचे कोर्स दिले जातात. वरवर पाहिलं तर सगळे सारखेच वाटतात: एक पित्ताची गोळी आणि सोबत दोन-तीन अँटिबायोटिक. पण त्यांच्या यशात मोठा फरक पडतो, आणि तो औषधाच्या किमतीवर किंवा कंपनीवर नाही, तर त्या माणसाच्या जठरातला जंतू कोणत्या औषधाला दाद देतो यावर ठरतो.

पहिला कोर्स सगळ्यात महत्त्वाचा. तो फसला तर नेमके त्या औषधांना न जुमानणारे जंतू मागे उरतात आणि पुढच्या वेळी हाताशी असलेली औषधं कमी होतात. म्हणून प्रिस्क्रिप्शन हातात आल्यावर त्यात काय तपासायचं, डॉक्टरांना आधी काय सांगायचं आणि गोळ्या कशा घ्यायच्या, हे इथे तपशिलाने दिलं आहे. यातला कोणताही कोर्स दुकानातून स्वतःहून आणून सुरू करायचा नाही. यातली बरीच औषधं हृदयाच्या, रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांना आडवी जातात, आणि कोणती कुणाला चालणार नाहीत हे डॉक्टरांनाच ठरवावं लागतं.

एक अँटिबायोटिक का पुरत नाही

रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात हा जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला; २००५ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. जठरातल्या आम्लात बहुतेक जंतू मरतात. हा जगतो, कारण तो युरिएज नावाचं एन्झाइम बनवतो. ते युरियाचं विघटन करून अमोनिया तयार करतं, आणि त्या अमोनियाने जंतूच्या आजूबाजूचं आम्ल निवतं. आरयूटी तपासणी याच गुणावर चालते: जठराच्या अस्तराचा छोटा तुकडा युरिया असलेल्या पिवळ्या जेलमध्ये ठेवतात, जंतू असेल तर अमोनियामुळे जेल गुलाबी होतं.

जंतू अस्तरावरच्या चिकट थरात खोल बसलेला असतो. तिथे औषध पोचायला वेळ लागतो, आणि आम्ल जास्त असेल तर काही औषधं तिथे टिकतही नाहीत. शिवाय अमॉक्सिसिलिनसारखं औषध विभाजन होत असलेल्या जंतूंनाच मारतं, आणि हा जंतू आम्ल कमी झाल्याशिवाय जोमाने वाढत नाही. पित्ताची गोळी कोर्समध्ये असते ती जळजळ थांबवण्यासाठी नव्हे, तर अँटिबायोटिकला काम करता यावं म्हणून. ही गोष्ट लक्षात आली की पुढची बरीच गणितं सुटतात.

कोर्स ठरण्याआधी डॉक्टरांना हे सांगा

आजवर कोणकोणती अँटिबायोटिक घेतली, ही माहिती इथे लाखमोलाची आहे आणि बहुतेक वेळा ती कुणी विचारतही नाही. आठवत नसेल तर घरातल्या जुन्या फायली आणि औषधांची बिलं काढून बसा.

खोकला, घसा, ताप यांसाठी ॲझिथ्रोमायसिनच्या तीन किंवा पाच गोळ्या घेतलेल्या नाहीत असं घर आपल्याकडे शोधावं लागेल; कोविडच्या काळात तर त्या सर्रास दिल्या गेल्या. ॲझिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन ही एकाच कुळातली औषधं, दोन्ही जंतूच्या एकाच जागी जाऊन चिकटतात. त्या जागेत बदल झालेला जंतू दोन्हींना दाद देत नाही. म्हणजे तीन वर्षांपूर्वी खोकल्यासाठी घेतलेली गोळी आज जठराच्या उपचाराची वाट अडवू शकते.

दुसरी सवय जुलाबाच्या गोळीची. पोट बिघडलं की ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेली गोळी केमिस्टकडून आणायची, दोन दिवस घ्यायची आणि बरं वाटलं की सोडून द्यायची. नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडाझोलची जोडगोळीही तशीच. ऑर्निडाझोल आणि टिनिडाझोल मेट्रोनिडाझोलच्या कुळातले. ऑफ्लॉक्सासिन आणि नॉरफ्लॉक्सासिन लिव्होफ्लॉक्सासिनच्या. अशा अर्धवट डोसांनी दोन्ही कुळं एकदम निकामी व्हायला लागतात. भारतातल्या एच. पायलोरीमध्ये मेट्रोनिडाझोल आणि लिव्होफ्लॉक्सासिनला प्रतिरोध (म्हणजे औषधाला दाद न देणं) जास्त का सापडतो, याचं मोठं कारण हेच.

याशिवाय पेनिसिलिनची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार, गरोदरपण, अंगावर दूध पाजत असणं, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास, आणि रोजच्या सगळ्या गोळ्या सांगा. ‘लहानपणी पेनिसिलिनने अंगावर पुरळ आलं होतं’ असं सांगणाऱ्या बहुतेकांना नीट तपासल्यावर ॲलर्जी नसते. पण ते तज्ज्ञाने तपासून ठरवायचं, घरी गोळी घेऊन बघायचं नाही.

टक्केवारी वाचायची कशी

दोन कोर्सची तुलना करताना ‘९४ टक्के यश’ असा एकच आकडा पुढे केला जातो. त्याला चार प्रश्न विचारल्याशिवाय मान डोलवू नये.

पहिला, हे ९४ टक्के कशाचे? कोर्स सुरू केलेल्या सगळ्यांपैकी, की कोर्स पूर्ण केलेल्यांपैकी? उलट्या होतात म्हणून मध्येच सोडणारे वगळले तर कोणताही कोर्स गोंडस दिसतो. प्रत्यक्ष आयुष्याच्या जवळचा आकडा पहिला.

दुसरा, माणसं किती? ५० पैकी ४७ बरे झाले तर ९४ टक्के होतात, पण इतक्या कमी माणसांत खरं यश साधारण ८३ ते ९९ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतं. ५०० पैकी ४४५ बरे झाले तर ८९ टक्के, आणि खरं यश ८६ ते ९२ मध्ये. दुसरा आकडा लहान असून जास्त विश्वासाचा आहे.

तिसरा, किती दिवस आणि केवढा डोस? सात दिवसांच्या एका कोर्सची चौदा दिवसांच्या दुसऱ्याशी तुलना करून औषध चांगलं की वाईट हे ठरत नाही.

चौथा प्रश्न सगळ्यांत मोठा: तिथल्या जंतूंत प्रतिरोध किती होता? हे गणित एकदा करून बघण्यासारखं आहे. समजा, एखादा क्लॅरिथ्रोमायसिनचा कोर्स दाद देणाऱ्या जंतूवर ९५ टक्के आणि प्रतिरोधक जंतूवर ३० टक्के चालतो. एखाद्या भागात प्रतिरोध ५ टक्के असेल तर एकूण यश येतं सुमारे ९२ टक्के. प्रतिरोध १५ टक्के झाला की ८५. तो ३० टक्के झाला की जेमतेम ७५. औषध तेच, डोस तोच, पेशंटचा नियमितपणाही तोच. बदलला फक्त भाग. ९० टक्क्यांच्या खालचा कोर्स तज्ज्ञ पुरेसा मानत नाहीत. आणि युरोपातल्या तज्ज्ञांच्या मास्ट्रिक्ट सहमतीनेही हीच १५ टक्क्यांची रेघ ओढली आहे: क्लॅरिथ्रोमायसिनचा प्रतिरोध त्यापेक्षा जास्त असेल किंवा किती आहे हे माहीतच नसेल, तर त्या भागात तपासल्याशिवाय ते औषध पहिल्या कोर्समध्ये द्यायचं नाही. म्हणून परदेशातल्या एखाद्या शहरातलं ९४ टक्के पुण्याला किंवा नागपूरला जसंच्या तसं लागू पडत नाही.

क्लॅरिथ्रोमायसिनचा ट्रिपल कोर्स

आपल्याकडे सगळ्यात जास्त लिहिला जाणारा. पीपीआय म्हणजे पित्ताची गोळी दिवसातून दोनदा, क्लॅरिथ्रोमायसिन ५०० मिग्रॅ दोनदा, अमॉक्सिसिलिन १ ग्रॅम दोनदा, १४ दिवस. पेनिसिलिन चालत नसेल तर अमॉक्सिसिलिनच्या जागी मेट्रोनिडाझोल देतात, पण आपल्याकडच्या प्रतिरोधामुळे ती अदलाबदल कच्ची आहे.

सोय ही याची मोठी बाजू: दिवसाला आठ गोळ्या-कॅप्सूल, सकाळ आणि रात्र, बस्स. पण प्रतिरोध असेल तर डोस वाढवून उपयोग होत नाही. जंतूच्या रायबोसोममधली (प्रथिनं बनवणाऱ्या भागातली) औषध चिकटायची जागाच बदललेली असते, तिथे दुप्पट औषध पाठवलं तरी ते चिकटणार कुठे? ज्याच्या जंतूची संवेदनक्षमता, म्हणजे तो औषधाला दाद देतो की नाही, हे तपासून तो दाद देतो असं दिसलं आहे, त्याला हा कोर्स ठीक. बाकीच्यांना तो चालेल या आशेवर देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. अमेरिकेतल्या पोटविकार तज्ज्ञांच्या २०२४ च्या मार्गदर्शनातही हेच आहे.

इथे दुकानात मिळणाऱ्या तयार ‘किट’बद्दल सांगायलाच हवं. एका पट्टीत एका दिवसाच्या गोळ्या, सकाळच्या वेगळ्या आणि रात्रीच्या वेगळ्या, अशी रचना असते. सोयीची आहे, पण पट्टी उलटून मागचे बारीक अक्षरातले डोस वाचा. काही किटमध्ये क्लॅरिथ्रोमायसिन २५० मिग्रॅ असतं, काहींत अमॉक्सिसिलिन ७५० मिग्रॅ, आणि जोडीला टिनिडाझोल. हे डोस वर दिलेल्या डोसांपेक्षा कमी आहेत. शिवाय अशी पट्टी सात दिवसांसाठी लिहून दिली, तर डोसही अर्धा आणि दिवसही अर्धे. असं किट लिहून आलं तर ‘डोस आणि दिवस बरोबर आहेत ना?’ हे डॉक्टरांना जरूर विचारा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे. क्लॅरिथ्रोमायसिन यकृतातलं एक एन्झाइम अडवतं, त्यामुळे इतर काही औषधं शरीरात साचतात. ॲटोरव्हास्टॅटिन किंवा सिमव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर स्नायूंना इजा होऊ शकते. डॉक्टर बहुधा ती चौदा दिवस थांबवतात. गाउटसाठी कोल्चिसिन घेणाऱ्यांना तर हे जिवावर बेतू शकतं. आणि पँटोप्राझोलसोबत डॉम्पेरिडोन असलेली कॅप्सूल आपल्याकडे घरोघरी असते. डॉम्पेरिडोन आणि क्लॅरिथ्रोमायसिन एकत्र घेतल्यास हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात. म्हणून पीपीआय लिहिली आहे ती नुसती आहे की डॉम्पेरिडोनसहित, हे नावाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून बघा. केमिस्टने ‘तेच आहे’ म्हणून बदलून दिली असेल तरीही बघा.

बिस्मथचा चार औषधांचा कोर्स

प्रतिरोधाची माहिती नसताना पहिला कोर्स म्हणून आज याचाच हात वर आहे. मास्ट्रिक्टची २०२२ ची सहमती आणि अमेरिकेचं २०२४ चं मार्गदर्शन, दोन्ही याच कोर्सकडे बोट दाखवतात. घटक असे: पीपीआय दोनदा, बिस्मथ सबसिट्रेट १२० मिग्रॅ चारदा, टेट्रासायक्लिन ५०० मिग्रॅ चारदा, मेट्रोनिडाझोल ५०० मिग्रॅ तीनदा किंवा चारदा, १४ दिवस. आपल्याकडे मेट्रोनिडाझोलची सहज मिळणारी गोळी ४०० मिग्रॅची असते, ती चारदा घेतली की दिवसाला १६०० मिग्रॅ होतात, म्हणजे अपेक्षित १५०० ते २००० मिग्रॅच्या दरम्यानच.

मेट्रोनिडाझोलला इतका प्रतिरोध असताना हा कोर्स चालतो कसा? क्लॅरिथ्रोमायसिनपेक्षा इथली गोष्ट वेगळी आहे. मेट्रोनिडाझोल जंतूच्या आत जाऊन सक्रिय व्हावं लागतं, आणि प्रतिरोधक जंतूत ही क्रिया मंदावलेली असते, पूर्ण बंद नसते. डोस पुरेसा ठेवला, चौदा दिवस दिला आणि बिस्मथ जोडीला असलं तर हा प्रतिरोध बराचसा ओलांडता येतो. डोस ४०० मिग्रॅ दोनदावर आणला किंवा दिवस सातवर आणले की हा फायदा हातचा जातो. टेट्रासायक्लिनला प्रतिरोध क्वचित सापडतो, आणि बिस्मथला जंतू सरावल्याचं दिसत नाही. ज्याला पेनिसिलिनची खरी ॲलर्जी आहे त्यालाही हा कोर्स देता येतो, कारण यात अमॉक्सिसिलिन नाही.

अडचण आहे ती गोळ्यांच्या संख्येची. दिवसाला १४, एकूण १९६. त्या कशा बसवायच्या याचा एक नमुना:

सकाळी ६.३० — पीपीआय, नुसत्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही; चहासुद्धा नाही.
सकाळी ७.३० — पोहे, उपमा किंवा भाकरी-भाजी, सोबत दूध नको. लगेच बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल, पेलाभर पाण्याबरोबर.
दुपारी १ — जेवणानंतर तीच तीन औषधं.
संध्याकाळी ७ — दुसरी पीपीआय.
रात्री ८ — जेवणानंतर तीच तीन.
रात्री १०.३० — दोन बिस्किटं किंवा थोड्या लाह्या खाऊन तीच तीन. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

शेवटची सूचना टाळण्यासारखी नाही. टेट्रासायक्लिनची कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथे जखम होते, आणि घोटभर पाण्याबरोबर गोळी गिळून लगेच झोपणाऱ्यांना हे होतं.

टेट्रासायक्लिन आणि दूध यांचं वाकडं आहे. दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि ते रक्तात पुरेसं शिरत नाही. दही, ताक, पनीर, दुधाचा चहा, कॅल्शियमच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, आणि मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचं गुलाबी-पांढरं अँटासिड, सगळं यात आलं. दोन तासांचं अंतर ठेवायचं. वरच्या वेळापत्रकात दुधाचा चहा सकाळी १० ला आणि दुपारी ४ ला सुखाने बसतो. जेवणातली ताकाची वाटीही तेवढे दिवस ४ वाजता हलवा. लोहाची गोळी डॉक्टरांना विचारून दोन आठवडे थांबवणं सगळ्यात सोपं.

काय काय होईल ते आधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे घाबरून कोर्स सुटत नाही. शी काळी होते आणि कधी जीभही काळवंडते. बिस्मथचं सल्फाइड बनल्याचा तो रंग आहे. पण डांबरासारखी चिकट, उग्र वासाची काळी शी, सोबत चक्कर किंवा घाम असेल, तर तो रक्तस्राव असू शकतो. तेव्हा थेट हॉस्पिटल. तोंडात धातूची चव मेट्रोनिडाझोलमुळे येते, कोर्स संपला की जाते. कोर्सभर आणि नंतर तीन दिवस दारू अजिबात नको, अल्कोहोल असलेलं कफ सिरपही नको. उन्हात त्वचा लवकर भाजते, टोपी आणि पूर्ण बाह्या वापरा. हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा आला तर लगेच कळवा. वॉरफरिन घेणाऱ्यांचं रक्त मेट्रोनिडाझोलमुळे जास्त पातळ होऊ शकतं, त्यांची आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती) कोर्सदरम्यान व्हायला हवी.

गरोदर बायका आणि आठ वर्षांखालची मुलं यांना टेट्रासायक्लिन नाही. मूत्रपिंड बरंच खराब असेल तर बिस्मथही टाळतात.

आणि एक अडचण खास आपल्याकडची: टेट्रासायक्लिन ५०० आणि बिस्मथ प्रत्येक दुकानात मिळत नाही. मग दुकानदार ‘त्याच जातीचं’ म्हणून डॉक्सिसायक्लिन देतो. या जंतूवर डॉक्सिसायक्लिन टेट्रासायक्लिनइतकं चालत नाही. ते बदलून घेऊ नका. चौदा दिवसांची सगळी औषधं हातात आल्यावरच पहिला डोस घ्या. पाचव्या दिवशी बिस्मथ संपलं आणि मिळेना, म्हणजे कोर्स बुडालाच.

वोनोप्राझान आणि अमॉक्सिसिलिन

वोनोप्राझान हे आम्ल कमी करणारं नव्या पद्धतीचं औषध. जपानमध्ये त्याला २०१४ च्या शेवटी मंजुरी मिळाली, आता ते भारतातही मिळतं. पीपीआयला पूर्ण जोर धरायला काही दिवस लागतात. हे पहिल्याच दिवसापासून आम्ल दाबतं, आणि जेवणाआधी की नंतर याची अटही नाही. त्यामुळे एकट्या अमॉक्सिसिलिनवरही कोर्स उभा राहतो: वोनोप्राझान २० मिग्रॅ दोनदा, अमॉक्सिसिलिन १ ग्रॅम तीनदा, १४ दिवस. अमॉक्सिसिलिनला प्रतिरोध दुर्मीळ, बाकी कोणतं अँटिबायोटिक वाया जात नाही, आणि त्रासही कमी. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांना अर्थातच नाही.

आकड्यांबद्दल मात्र सावध राहायला हवं. अमेरिका आणि युरोपात झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत हा दुहेरी कोर्स सगळे पेशंट धरून ७७ टक्क्यांच्या आसपास यशस्वी ठरला, वोनोप्राझानचा ट्रिपल ८१ आणि लॅन्सोप्राझोल या पीपीआयचा जुना ट्रिपल ६८-६९. जुन्यापेक्षा सरस, पण ९० च्या खाली. त्याच चाचणीतला दुसरा आकडा जास्त बोलका आहे: क्लॅरिथ्रोमायसिनला प्रतिरोधक जंतू असलेल्यांत जुना ट्रिपल फक्त ३२ टक्क्यांच्या आसपास चालला, दुहेरी कोर्स ७० च्या जवळ गेला. म्हणजे क्लॅरिथ्रोमायसिनवर भरवसा नसेल आणि बिस्मथचा कोर्स झेपणार नसेल, तर हा चांगला पर्याय आहे. अमॉक्सिसिलिनच्या तीन डोसांतलं अंतर आठ-आठ तासांच्या जितकं जवळ ठेवाल तितकं बरं. हे औषध रक्तात किती उंच चढलं यापेक्षा किती वेळ टिकलं यावर काम करतं.

बाकीचे कोर्स

क्लॅरिथ्रोमायसिन, अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडाझोल आणि पीपीआय हे सगळं एकदम देणारा ‘कॉन्कमिटंट’ कोर्स बऱ्याच ठिकाणी चालतो. पण त्यात जवळजवळ प्रत्येक माणूस निदान एक अँटिबायोटिक विनाकारण खातो. एका माणसामागे क्लॅरिथ्रोमायसिन १४ ग्रॅम. हजार माणसांमागे १४ किलो. यामुळे पुढे जो प्रतिरोध वाढतो तो आपल्याच गावातल्या न्यूमोनियाच्या पेशंटला नडतो. आधी पाच दिवस एक जोडी आणि मग पाच दिवस दुसरी, असा ‘सिक्वेन्शियल’ कोर्स आता मागे पडला आहे. तो कुणी नव्याने लिहून दिला तर कारण विचारा.

लिव्होफ्लॉक्सासिन ५०० मिग्रॅ रोज एकदा, अमॉक्सिसिलिन आणि पीपीआय दोनदा, हा कोर्स जंतूची संवेदनक्षमता तपासलेली असेल तरच. आपल्याकडे क्विनोलोनचा, म्हणजे लिव्होफ्लॉक्सासिनच्या कुळाचा, प्रतिरोध जास्त आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही औषधं टीबीच्या जंतूवरही अर्धवट काम करतात. खोकला, वजन उतरणं, संध्याकाळचा ताप असलेल्या माणसाला ती दिली तर टीबीचं निदान लांबतं. मधुमेहींची साखर यात अचानक खाली-वर होऊ शकते, आणि टाचेची शीर दुखायला लागली तर गोळी लगेच बंद करून डॉक्टरांना गाठायचं.

रिफाब्युटिन हेही मुळात टीबीच्या कुळातलं. दोन कोर्स फसल्यावर तज्ज्ञ ते काढतात. लघवी नारिंगी होते, गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, पांढऱ्या पेशी उतरू शकतात. टीबी नाही याची खात्री झाल्याशिवाय ते देऊ नये.

पित्ताची गोळी कोणती, यानेही फरक पडतो

प्रिस्क्रिप्शनवर कुणी पाहत नाही अशी ही ओळ. आपल्याकडे पँटोप्राझोल ४० सगळ्यात जास्त लिहिलं जातं, आणि आकडा मोठा म्हणून ते जोरदार वाटतं. आम्ल दाबण्याच्या ताकदीत मोजलं तर पँटोप्राझोल ४० मिग्रॅ म्हणजे ओमेप्राझोलचे सुमारे ९ मिग्रॅ. रॅबेप्राझोल २० मिग्रॅ म्हणजे सुमारे ३६, आणि इसोमेप्राझोल ४० मिग्रॅ म्हणजे सुमारे ६४. छातीतल्या साध्या जळजळीला पँटोप्राझोल पुरतं. या कोर्ससाठी रॅबेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल दिवसातून दोनदा जास्त योग्य. काही माणसांचं यकृत ओमेप्राझोलसारख्या गोळ्या फार वेगाने संपवतं. रॅबेप्राझोल आणि इसोमेप्राझोलवर त्याचा परिणाम तुलनेने कमी होतो.

तंबाखू आणि सिगारेटने यश कमी होतं. निदान चौदा दिवस तरी पूर्ण बंद.

डोस चुकला तर, आणि कधी थांबायचं

आठवला तसा घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका. सलग एक दिवस किंवा जास्त बुडाला तर डॉक्टरांना फोन करा, मनाने पुढे ढकलू नका. मळमळ, पातळ शी, तोंडाची चव जाणं, हे सहन होण्याइतकं असेल तर कोर्स सोडायचा नाही. दह्याने किंवा प्रोबायोटिकने जुलाब थोडे आटोक्यात राहतात, जंतू मारायला त्यांची मदत धरू नका. अंगावर गांधी उठणं, ओठ-चेहरा सुजणं, दम लागणं, रक्त पडणारे किंवा न थांबणारे जुलाब, छातीत धडधड होऊन भोवळ, डोळे पिवळे होणं, यांतलं काहीही झालं तर पुढची गोळी न घेता लगेच दवाखाना.

जंतू गेला का, हे कसं कळणार

बरं वाटतं म्हणजे जंतू गेला असं नाही, आणि जळजळ उरली म्हणजे जंतू उरला असंही नाही. तपासणी करावीच लागते, आणि आपल्याकडे नेमकी हीच पायरी सुटते. युरिया ब्रेथ टेस्ट किंवा शीची अँटिजेन तपासणी, दोन्हींतली कोणतीही चालते. कोर्स संपल्यावर निदान चार आठवडे थांबायचं, तोवर कोणतंही अँटिबायोटिक किंवा बिस्मथ नको, आणि तपासणीच्या आधीचे दोन आठवडे पीपीआयही बंद. पीपीआय चालू ठेवून केलेली तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. वोनोप्राझान चालू असेल तर तेही बंद लागतं. त्या दोन आठवड्यांत जळजळ झाली तर साधं अँटासिड चालतं. अल्सरमधून रक्तस्राव होऊन गेलेल्यांनी किंवा ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी मात्र पीपीआय स्वतःहून थांबवू नये, डॉक्टर सांगतील तसं.

ब्रेथ टेस्टला सकाळी उपाशी पोटी जा. कार्बन-१४ वापरणारी टेस्ट गरोदरपणात करत नाहीत. कार्बन-१३ ची किरणोत्सारी नसते. रक्तातली अँटिबॉडी तपासणी इथे कामाची नाही: जंतू गेल्यावरही ती बरेच महिने, कधी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहते. ती पुन्हा पॉझिटिव्ह आली म्हणून दुसरा कोर्स घेणं म्हणजे नसलेल्या जंतूला औषध देणं.

तपासणी पॉझिटिव्ह आली तर एक नियम मोडायचा नाही: क्लॅरिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन एकदा फसलं की ते पुन्हा नाही. अमॉक्सिसिलिन, टेट्रासायक्लिन आणि बिस्मथ पुन्हा वापरता येतात. मेट्रोनिडाझोलही, पण बिस्मथसोबत आणि पूर्ण डोसमध्येच. ट्रिपल फसला असेल तर पुढचा बिस्मथचा. बिस्मथचा फसला असेल तर आधी तो खरंच पूर्ण डोसने आणि पूर्ण दिवस घेतला होता का ते बघायचं, मग वोनोप्राझान-अमॉक्सिसिलिन किंवा तज्ज्ञाच्या देखरेखीत रिफाब्युटिन. दोनदा अपयश आलं की अंदाजाने तिसरा कोर्स नको. एंडोस्कोपीतून तुकडे घेऊन जंतू वाढवून बघायचा किंवा पीसीआरने प्रतिरोधाची जनुकं तपासायची. पीसीआर काही ठिकाणी शीच्या नमुन्यावरही होते. जंतू वाढवायचा असेल तर तुकडा योग्य माध्यमात, थंड राखून, लवकर लॅबला पोचावा लागतो. फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेलेल्या तुकड्यातून जंतू वाढत नाही, म्हणून एंडोस्कोपीच्या आधीच डॉक्टरांशी आणि लॅबशी बोलून ठेवा.

घरच्यांचंही तपासावं का, हे बरेच जण विचारतात. जंतू बहुधा लहानपणी घरातच लागतो, त्यामुळे एकाच घरात अनेकांना सापडणं नवल नाही. ज्यांच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना जठराचा कॅन्सर झाला आहे त्यांनी तपासून घ्यावं; जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या जंतूला पहिल्या गटातलं कर्करोगकारक ठरवलं आहे. अल्सर असलेल्यांनी, कारण न सापडता लोह कमी असलेल्यांनी आणि दीर्घकाळ ॲस्पिरिन किंवा वेदनाशामक घेणार असलेल्यांनीही. तपासणी कुणाचीही असो, तिची वेळ आधीच्या अँटिबायोटिकपासून चार आठवडे आणि पीपीआयपासून दोन आठवडे धरूनच ठरवा.